एकेचाळीसपासून पुढे

मी व्हर्ना स्टबलफील्ड.
मिलवॉकी, लिंडेल हायस्कूल, हजेरीची खिडकी.
एकतीस वर्षं.

स्कूल बोर्डापुढे बोलायला माणशी तीन मिनिटं.
टेबलावर छोटा दिवा : हिरवा, पिवळा, लाल.
हिरवा होता तोवर मी चष्माच शोधत होते.

मार्क्वेल गेन्स, नववी, खोली दोनशे चौदा.
ऑक्टोबर ते फेब्रुवारी
त्याची खुर्ची एकेचाळीस दिवस रिकामी
आणि माझ्या पडद्यावर एकेचाळीस वेळा तो हजर.
बोट माझंच होतं.
आधीच सांगून टाकते, शोधत बसायला नको.

डुप्री सर दुपारी सव्वादोनला खिडकीशी यायचे.
प्रिन्सिपॉल असून आवाज कधी चढवला नाही त्यांनी.
"व्हर्ना, आपण त्र्याण्णववर आहोत.
पंच्याण्णव लागतात."
खोटं लिही असं कोणी म्हणत नाही हो.
म्हणतात, पुन्हा एकदा बघ.
मी पुन्हा बघायचे,
आणि पोरं यायची,
बस न पकडता, बर्फ न तुडवता,
बुटांचा एकही ओला ठसा न उमटवता
वर्गात जाऊन बसायची.

माणूस वाईट होता का?
बॉयलर बंद पडला त्या आठवड्यात
पदरच्या पैशांनी सत्तर जोड हातमोजे आणले त्यांनी.
एक जोड अजून माझ्या खणात आहे,
डावा अंगठा उसवलेला.
आणि त्याच आठवड्यात
"सर्व वर्ग उबदार" असं सहीनिशी लिहून दिलं.
हातमोजे वाटणारा हात, सही करणारा हात.
मला अजून हिशेब लागत नाही.

त्यांच्यावर विभागाच्या बाई,
बाईंवर डेप्युटी,
डेप्युटीवर सुपरिंटेंडंट, ज्यांच्या भिंतीवर
सगळ्या शाळांचे रंगीत चौकोन.
लाल चौकोन कोणालाच नको असतो.
वरून खाली जाब यायला चांगला रुंद जिना आहे.
खालून वर जायला
तीन मिनिटं.

मार्चमध्ये मार्क्वेलची आई आली, रोशेल.
प्रगतिपुस्तक खिडकीच्या फटीतून आत सरकवलं.
"हा गॅरीला माझ्या भावाकडे होता.
गॅरेजमध्ये टायर बदलत होता.
मग बीजगणितात पास कोण झालं?"
ओरडली असती तर सोपं गेलं असतं.
ती नुसती उभी राहिली,
बाहेर गाडी चालू ठेवून.

त्या रात्री शिक्षकांच्या खऱ्या चिठ्ठ्या
मी पडद्याशी ताडून पाहिल्या.
नऊ पानं झाली.

तर, बैठक.
दिवा लाल झाला तेव्हा मी पहिल्याच पानावर,
"एकेचाळीस" या शब्दावर होते.
माइक बंद.
पुढचा नंबर रोशेलचा.
तिने माझ्या हातातून कागद घेतले,
म्हणाली, "एकेचाळीसपासून पुढे,"
आणि वाचायला लागली.
तिचाही लाल झाला.
तिच्यानंतरच्या म्हाताऱ्याला पार्किंगबद्दल बोलायचं होतं.
"पार्किंग राहू द्या," म्हणाला, "आणा इकडे."
त्याला नावं नीट वाचता येईनात.
मागून पोरं दुरुस्त करत होती.

जूनमध्ये निकाल.
आम्ही उत्तर मागितलं होतं,
डुप्री सरांना उत्तर विभाग दिला :
चार शाळा, मोठी खोली, केक कापून निरोप.
मला ताकीदपत्र मिळालं.
ते बरोबरच होतं. ते एकटंच मिळालं, हे नाही.

सप्टेंबर. नव्या बाई, ब्रँडव्होल्ड.
तिसऱ्याच दिवशी, दुपारी सव्वादोनला, खिडकीशी.
"आपण कितीवर आहोत?"
मी पडदा बंद केला, किल्ल्या घेतल्या.
म्हटलं, चला, वर जाऊ.

दोनशे चौदात त्या खुर्च्या मोजायला लागल्या,
बोट लावून, पोरांसारख्या.
खिडकीकडच्या रांगेत चौथ्या खुर्चीशी थांबल्या.
"ही कोणाची?"

इथे दिवा नव्हता.
मी बाक पुढे ओढला, बसले,
आणि सावकाश सांगायला लागले.