अडीच फूट

मोतीबागच्या कारखान्यात बाबा फिटर होते,
छोट्या लाइनच्या डब्यांची चाकं बसवायचे.
दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट,
ते हातांना इतकं पाठ
की घरातही सगळं त्याच मापाचं:
माझ्या टेबलापासून नथनेलचं टेबल,
म्हणजे भांडता येईल, मारता येणार नाही.
आईच्या खाटेपासून कूलर.
कूलरपासून पाण्याची बादली,
जी ते रात्री अकराला उठून आत ओतत, आवाज न करता.
टेप कधी काढला नाही.
दोन हात पसरायचे, थोडे आत घ्यायचे,
"बस, एवढं."

तीमथ्य दौलत सोनटक्के, मूळचे सौंसरचे.
इथे घराजवळ आमच्या मंडळीचं चर्च नव्हतं.
दुसऱ्यांच्या चर्चमध्ये, शेवटून तिसऱ्या बाकावर
पाहुण्यासारखे बसले एक्केचाळीस वर्षं.
"आम्ही लुथरन" हे त्यांच्या तोंडून मी एकदाच ऐकलं,
जनगणनेचे मास्तर उन्हात दाराशी उभे होते तेव्हा.
मास्तर म्हणाले, त्याचा रकाना नाही.
बाबा म्हणाले, "मग नुसतं ख्रिस्ती लिहा. अन् पाणी घ्या नं."

ऑक्टोबरच्या शेवटी मात्र
स्टार्चचा शर्ट, रुमालात दशम्या,
आणि आम्ही तिघं भावंडं छोट्या गाडीत.
गाडी अशी सावकाश
की खिडकीतून सीताफळांचा भाव ठरवून, पैसे देऊन,
सुटे परत घेऊन होत.
तिकडे, गावच्या चर्चमध्ये, गीत सुरू झालं
की बाबांच्या छातीतून एक खोल आवाज निघायचा,
घरी कधीच न ऐकलेला.
दोर्कस घाबरून माझा फ्रॉक धरायची.

रोज जेवणाआधी एक वचन.
पुस्तक मिटून विचारायचे, "म्हणजे काय?"
सगळ्यात लहान असेल त्यानं सांगायचं.
एकदा दोर्कस म्हणाली, "नाही माहीत."
बाबा खूप वेळ ताटाकडे बघत राहिले.
"मलेही नाही. उद्या पुन्हा विचारू."
वरण निवून गेलं होतं.

त्यांना संत म्हणू नका.
नथनेलनं चर्च सोडलं, तर दोन वर्षं
त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत.
तो समोर असला की आईमार्फत मीठ मागत.
पण दर शनिवारी रात्री
त्याचा पांढरा शर्ट इस्त्री करून
खुर्चीच्या पाठीवर घालून ठेवत.
सोमवारी तोच शर्ट, न घातलेला,
घडी करून परत कपाटात.
शंभर शनिवार. मी मोजले नाहीत, आईनं मोजले.

मग लाइन बंद झाली.
रुंद रूळ टाकायचे म्हणून अरुंद उखडले.
बाबांनी ती बातमी दोनदा वाचली,
कागदाची बारीक घडी घातली
आणि कूलरच्या डुगडुगत्या पायाखाली सारली.
त्या ऑक्टोबरात बसनं गेले.
वाटेत दोनदा उलटी झाली. तरी गेले.

गेले ते मे महिन्यात.
जरीपटक्याच्या दफनभूमीत जमीन अशी तापलेली
की पहारीतून ठिणगी उडाली.
खणणाऱ्यानं घाम पुसला, विचारलं,
"रुंदी किती ठेवू, भाऊ?"
नथनेलनं टेप मागितला नाही.
दोन हात पसरले,
थोडे आत घेतले.
मी दुसरीकडे बघितलं.

त्या रात्री आईनं वचन वाचलं
आणि थांबली, बाबा विचारायचे तिथे.
कोणी काही विचारलं नाही.
डाळ होती, शेजारच्या पाटणकरीणबाईंनी पाठवलेली,
तिखट, सावजी हाताची.
अकरा वाजता मला जाग आली:
अंधारात कोणीतरी बादली उचलत होतं
आणि पाणी ओतत होतं,
अगदी हळू,
अजून सवय नसलेल्या हातांनी,
थोडं बाहेर सांडत.