गोल नाकाचा

लक्ष्मीपुरीत, धान्याच्या दुकानांना पाठ लावून
टिपुगड्यांचं दुकान. कात्र्या, कंगवे, साबणाचे ब्रश,
आणि बरणीत तुरटीचे खडे, खडीसाखर वाटावी असे.
माझ्या खिशात साडेतीनशे,
त्यातले वीस वडापचे.

म्हणालो, वस्तरा पायजे.
टिपुगडे चष्म्यावरून बघत राहिले,
बघतात तिथंच. डाव्या गालावर.
ओतकामात उडालेल्या रसाची
करंगळीएवढी जागा आहे तिथं,
तिच्यावर केस उगवत नाहीत.
"फौंड्री?"
"व्हय. उद्यमनगर. आता लेथवर असतो."
ते पुढं गेले नाहीत. विचारलं एवढंच,
"सगळी काढायची, का कोरायची?"

कोरायची.
आमच्याकडं साजाची पानं कोरतात,
देवळाचे खांब कोरलेत,
आणि शनिवारी संध्याकाळी पोरांचे गाल.
माझ्या गालाशी आलं की प्रत्येक सलूनवाला
हात आखडतो,
रेघ खाली वळवून नेतो,
डांबरी रस्ता म्हसोबाला सोडून वळतो तशी,
आणि मग लांबून येणाऱ्यालासुद्धा
आधी म्हसोबाच दिसतो.

पहिला काढला तो जर्मन.
मखमलीत झोपलेला. अठराशे.
"नुसता बघून ठेव."
बघितला. पात्यात माझा डोळा होता, आडवा, ओला.
दुसरा चकचकीत, दीडशेचा,
"ह्याची धार चार दिसांची पाहुणी."
तिसऱ्यात अर्धं ब्लेड अडकवायचं, एकशेवीस.
"सगळे हाच वापरत्यात. धार लावायची कटकट न्हाई.
पर हलका हाय बग.
हलकं हत्यार हाताची थरथर झाकत न्हाई."

मी एकेक तळहातावर तोलला.
अर्धं सूत इकडंतिकडं झालं
तर माझ्या बोटाला कळतं,
गालाला कळेल का, ते माहीत नव्हतं.

मग खालच्या खणातनं,
पिवळ्या पेपरच्या गुंडाळीतनं चौथा.
शिंगाची मूठ, तिला एक चीर,
चिरेशेजारी सुईनं कोरलेलं : गो. बा. झें.
"गंगावेशीत बसायचा. पोरगा रिक्षा चालिवतोय,
त्यानं सगळी पेटी आणून दिली.
एवढा एकच ऱ्हायलाय."
टाचेला गंजाचा तीळ. पात्याचं नाक गोल.
"टोकदार नाकाचा घेतलास तर रेघ बारीक येती,
आन् आठ दिसांत तू हितं परत येतोस
तोंडाला पट्टी बांधून.
गोल घे. कोपऱ्यात जरा कमी पोचतो.
कमी पोचलेलं बरं."

चारशे म्हणाले.
मी होते तेवढे काउंटरवर ठेवले
आणि उगाच तुरटीच्या बरणीकडं बघत राहिलो.
त्यांनी मोजले. वीसची नोट परत सरकवली.
"वडापनं आलायस न्हवं?"
वर एक खडा दिला.
"आन् पट्टा इकत घिऊ नकोस. पापाच्या तिकटीला जा,
चपलांच्या कातडीचा वीतभर रुंद तुकडा माग,
माझं नाव सांग. शिव्या देतील, पर देतील."

शिव्या दिल्या. दिला.

सकाळी पाचला मोरीत बल्ब लावला.
पट्टा खिळ्याला, पाठ पुढं, धार मागं,
वीस फेऱ्या, मग आणखी वीस, भीती वाटली म्हणून.
आईनं आतनं विचारलं, काय घासतोयस रे?
काय न्हाई.
गाल ताणला.
कानापासनं रेघ धरली
आणि त्या जागेशी आल्यावर
हात आपोआप वळायला लागला, सवयीनं,
सलूनवाल्यांच्या सवयीनं.
थांबलो. पातं पुसलं.
मग सरळ नेली, तिच्यावरनं,
जिथं कापायला काहीच नव्हतं तिथनंही.
गुळगुळीत कातडीवर पात्याचा आवाज बंद झाला,
बोटभर गप्प,
आणि पलीकडं पुन्हा खरखर.

हनुवटीखाली चुकलं एकदा.
तुरटीनं डोळ्यात पाणी आणलं,
कॉलरवर एक ठिपका राहिला तो राहिलाच.

दहाच्या चहाला फोरमन भोपळेमामांनी
माझी मान धरून गाल उजेडाकडं फिरवला.
कुठं केलीस रं?

गंगावेशीत, म्हणालो.