कोपराची पॉलिश

मोतीबागेच्या डोमाजीकडे गेलो होतो
कूलरची एक जुनी मोटर पाहायला.
मार्च लागलेला, सीझन डोक्यावर,
खिशात एकवीसशे.
तराजूमागे, फ्रिजच्या सुट्या दाराला टेकून
ती उभी. सहातल्या दोनच तारा,
रंग उकडून सुकलेल्या बिटाचा.

"लाकडाची हाय," डोमाजी म्हणाला,
"लोखंडाची असती त किलोनं देल्ली असती."

डोक्यावरचं नाव कुणीतरी ब्लेडनं खरवडलेलं.
चोरीची असेल,
किंवा कंपनीची लाज वाटली असेल कुणाला.
मी तिला वाचायला बसलो
जळकं वाइंडिंग वाचतो तसा:
पाटी नसली तरी तारेची जाडी खोटं बोलत नाही.

मान चार स्क्रूंनी कसलेली.
मागे आकडे, ठोकलेले नव्हेत, नुसत्या शाईचे,
सुरुवात शून्य-सातनं. सात सालची धरू.
अंग तीन फळ्यांचं, आणि जोड उघडे;
महागड्या गिटारींचे असलेच तर रंगाखाली जातात.
हिच्यावर रंग इतका पातळ
की लाकडाची रंध्रं बोटाला लागतात,
मे महिन्यात मानेवर घामोळं लागतं तशी.
कंपनीनं शेवटचे चार हात वाचवले
आणि त्याला मॅट म्हटलं.

"कोणी विकली?"
"भंगाराले बाप रायते का बे?"

नऊशेला घेतली. मोटर राहिली.

टेका नाक्यावर दुकानात मागची पट्टी उघडली.
आत धूळ, एक मेलेला झुरळ,
आणि सोल्डरचा असा गोळा
की माझ्या पोऱ्यानं लावला असता तर चहा बंद केला असता.
मीटर धरला: एका पिकअपमध्ये साडेसात हजार ओहम, जिवंत.
दुसरं मुकं.
केसाहून बारीक तार, हजारांनी वेढे;
मी वीस वर्षं वेढेच घालतोय
पण ते वारा देतात, एवढंच.

कामठी रोडचा शेषराव गाड्या रंगवतो.
म्हणाला, "बाराशे दे,
नव्या बुलेटसारखी चमकवून देतो."
मी हो म्हटलं. पाण्यात बुडवलेला पॉलिशपेपर
त्यानं हातात घेतला, तिला ट्यूबलाइटखाली तिरपी केली,

आणि वरच्या कडेला
हाताच्या पंजाएवढा एक तुकडा चकाकला.
बाकी सगळी मठ्ठ, तेवढाच आरशासारखा.
"तेल सांडलं असंन," शेषराव.
मी मान उलटी केली. तिथंही, अंगठ्याच्या वाटेवर,
पहिल्या चार घरांपर्यंत तशीच चकाकी.
पाचव्यापासून कोरं.
बाराव्याच्या वर तर कुणी कधी गेलंच नाही.

म्हणजे हे कंपनीनं न दिलेलं पॉलिश
कुणाच्या तरी कोपरानं दिलं होतं,
रोज थोडं, वर्षानुवर्षं.
पाठीवर बकलचे ओरखडे नाहीत:
बसून वाजवणारा,
किंवा पट्टा न बांधणारी.
डाग कडेला फार चिकटून. हात आखूड.
चार घरांत मावणारी गाणी.

"थांब," मी म्हणालो.
"काऊन? स्वस्तात करून राह्यलो ना!"
त्याला काय सांगणार. पन्नास रुपये दिले,
पेपर भिजवल्याचे.

आता एप्रिल. दुकानात कूलर रांगेनं उभे,
वाळ्याची ओली पाती सगळीकडे,
पाणी भरणाऱ्या पोऱ्याच्या शिव्या.
रात्री साडेदहाला शटर अर्धं ओढून
मी तिला मांडीवर घेतो.
माझा कोपर त्या डागावर बसत नाही,
चार बोटं पुढे जातो,
तिथलं लाकूड अजून कोरडं, खरखरीत.
तिसरं बोट चौथ्या घरात पोचत नाही.
मुक्या पिकअपचं वाइंडिंग जूननंतर बघू.
घाम मात्र पुरेसा आहे.