चुन्याचा खर्च

चर्चच्या जमाखर्चात पंधराशे अठ्ठेचाळीसची नोंद आहे:
‘अँब्रोज टकेट गवंड्यास, उत्तरेची भिंत पांढरी केल्याबद्दल
आठ पेन्स. चुना वेगळा.’
संताचं नाव नाही.

तो दारासमोर उभा असे, छताला टेकेल एवढा,
खांद्यावर मूल, गुडघाभर नदीत.
त्याला पाहिलं की त्या दिवशी
अवचित मरण येत नाही म्हणत.
जोकोसा टकेट रोज पहाटे डोकावून जायची,
दुधाची बादली खाली न ठेवता.

नवऱ्याने वरून सुरुवात केली, डोळ्यांपासून.
पायांशी येईतो चुना सरत आला,
पाणी घालून भागवलं.
(का मुद्दाम? ते वहीत नाही.)
त्या रात्री तिने वाढलं, बोलली नाही.

राणी आली. ‘टकेटास, चुना खरवडल्याबद्दल, एक शिलिंग.’
दुसरी राणी आली. ‘टकेटच्या मुलास, चुना लावल्याबद्दल, सहा पेन्स.’
कोणी कोणाला लावला, देव जाणे.
पाद्री मात्र तोच.
प्रार्थना तीनदा बदलली त्याने,
कोंबड्या तेवढ्याच ठेवल्या.
चांदीच्या पेल्याला मधेच केव्हातरी पाय फुटले.

मग शिपाई आले, खिडक्यांतले देवदूत काठीने पाडले,
मधल्या वाटेत घोडे बांधले.
मग भिंतीवर राजचिन्ह; सिंह काढणाऱ्याने
सिंह पाहिला नव्हता, कुत्रा पाहिला होता.
मग बाकांना दारं, दारांना भाडं,
आणि बिनभाड्याचे लोक उत्तरेच्या भिंतीला टेकून उभे,
डोक्यांच्या तेलाचा पट्टा अजून दिसतो.
निम्मे पुढे धान्याच्या कोठारात जाऊन
मोठ्याने रडत प्रार्थना करू लागले.

साखरेच्या पैशांतली संगमरवरी पाटी
एकाला ‘दयाळू’ म्हणते.
विकलेली माणसं कोरायला जागा पुरली नसावी.
पितळी पाटीवर तेवीस नावं. तीन टकेट.

गेल्या हिवाळ्यात छपराच्या शिशाला पाय फुटले.
पावसाने पोपडे धरले,
आणि मंगळवारी, अन्नदानाची खोकी लावताना,
लॅव्हिनिया प्राउटला भिंतीत पाऊल दिसलं.
पाच बोटं. अंगठ्याशी एक मासा.

नॉरिचचे तज्ज्ञ म्हणाले, हात लावू नका.
ती लावत नाही.
गळतीखाली बादली ठेवते,
भरली की स्मशानात ओतून येते,
येताना दारातून एकदा बघते:
पाणी अजून घोट्यापर्यंतच आहे.