पहाटे साडेपाच

डबी तळहाताएवढी. साकोलीच्या दुकानात
ती हातात देताना खुशालनं विचारलं,
"एवढ्याशा कॉम्प्युटरात काय ठेवता जी, वहिनी?"
म्हटलं, तळं.
तो हसला. चार्जर फुकट दिला.

देवळीत हळदीच्या डब्याशेजारी तिला जागा केली.
तापते, म्हणून खाली कवेलूचा तुकडा.
पडदा नाही तिला, आवाज नाही,
एक हिरवा दिवा
काजवा बाटलीत कोंडावा तसा.
सासूबाई पहिल्या संध्याकाळी
तिच्यापुढं उदबत्ती लावून गेल्या.
धूर चालत नाही तिला, म्हटलं,
तर म्हणाल्या, मग कशाची देवळीत बसली?

मामाजी गावतळ्याचे पाणकर.
मागं सात वह्या.
तुडूम कधी उघडलं,
कोणाच्या बांधीत किती रात्री पाणी गेलं,
सलंगावरून पडलं तो दिवस,
जाळ्यात दाडक किती, मरळ किती,
आणि मधेच, काही कारण नसताना:
"आज पान्यात कोनी बोलल्यावानी वाटला."
पुढच्या ओळीत पुन्हा हात आणि वीत.

ग्रामपंचायतीत मी दिवसभर लोकांचे दाखले चढवते.
ते कुठं जाऊन राहतात, मला कोणी सांगितलं नाही.
वह्या तशा जाऊ द्यायच्या नव्हत्या.
दुसऱ्याच्या बोडीत सोडलेली मासोळी
वाढत असेल, नाही असं नाही,
पण मोजायला जाता येत नाही.

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं.
एक टिंब चुकलं की उत्तर एका ओळीचं,
मामाजी द्यायचे तसंच: नाही.
का नाही, ते आपण शोधायचं.
तीन रात्री गेल्या. भात दोनदा करपला.
चौथ्या रात्री उघडलं, पण घरातल्या घरात.
माझ्या मोबाईलवर तळं दिसे,
अंगणापलीकडं थेंब नाही.
वायरवाल्या पोट्ट्याला फोन लावला.
"बाहेरून आत यायचा रस्ता?
असं कोणी मागतच नाही जी आपल्याकडं."
म्हटलं, मी मागते.
सतराव्या फोनला त्यानं तुडूम
बोटभर वर केलं.

वर माथ्याला नाव द्यावं लागलं.
सासऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत आमच्यात.
दार लावून
बोटांनी घेतलं: पतिराम मारबते.
पुसलं. परत लिहिलं.

आता रोवणीचे दिवस. लाईन रात्रीतून दोनदा जाते.
डबीच्या पोटात घड्याळ नाही,
वीज आली की ती उठते
आणि विचारायला कोणी नसतं,
तेव्हा आपल्या मनानं लिहून टाकते:
एक जानेवारी, एकोणीसशे सत्तर,
पहाटे साडेपाच.
दर वेळी तेच. आधी मला वाटलं, बिघडली.

मग पहिली वही काढली. पहिलं पान.
"सन १९७०. जानेवारी १. पायटेस पारीवर गेलो.
पानी अकरा हात."

नेट यायला मिनिट लागतं, कधी दोन.
तेवढ्यात डबीला कोणी सांगितलेलं नसतं
की तळ्याच्या पोटात लोकांनी बांध्या काढल्या,
की दाडक आता फक्त वहीत,
की पारीवरून परत येणारं माणूस
परत आलं नाही एकदा.
हिरवा दिवा लुकलुकतो.
पाणी अकरा हात.

खुशाल म्हणतो, दीडशे रुपयांत घड्याळाची चिप बसते,
मग चुकणार नाही.
पाहू, म्हटलं, दिवाळीनंतर.

तूर्त हळदीचा डबा खालच्या फळीवर नेला आहे.
घाईत हात लागतो
आणि वायर निघते.