तेर्साची चटई

खानापुरात सातला लाईट जाते.
कौलांच्या भट्टीवरून बाबा येतात,
हात धुतले तरी नखांत माती.
माय आल्ताराशी मेणबत्ती लावते,
कालचंच थोटूक.

माय म्हणते कोकणीत,
गोकाकची वहिनी कन्नडात,
मी शाळेतल्या मराठीत.
कुणीतरी रोज एक ओळ मागे राहतं,
बाकीचे थांबतात.

इंत्रूजचा देवाशी अबोला,
दोन वर्षं झाली.
पुण्याहून आला की ओसरीवर बसतो
मोबाईल बघत.
त्याला कुणी हाक मारत नाही.
फक्त चटई
त्याच्या जागेपुरती जास्त उलगडते माय.

काल दहाव्या मण्याला
बाबांना खोकल्याची उबळ आली,
प्रार्थना अर्ध्यात अडकली.
ओसरीवरून,
अंधारातून,
पुढचा शब्द आला.