आणि साथीदार

चनबसप्पा हत्तुरेच्या मागं उभं राहून
एकेचाळीस वर्षं मी फक्त 'जी' म्हटलं.
पुढचं सगळं त्याचं: फेटा, डफ, सवाल, शिट्ट्या.
माझं तुणतुणं, आणि ओळीचं शेपूट.

त्याच्या घरात कानडी, माझ्या घरात तेलुगू.
गाणं तेवढं मराठीत.
पहिल्यांदा भेटला तेव्हा मी मागावर होतो.
"काय करलालास बे? सूर आहे की तुझ्यात."
म्हटलं, तो मागाचा आहे.
म्हणाला, चालतंय.

मिलचा भोंगा झाला की
त्याच सुरावर तार पिळायला लावायचा.
मग मिल बंद पडली.
बरेच दिवस आम्ही बेसूर गायलो,
कुणाच्या लक्षात आलं नाही.

मंद्रूप, वळसंग, बोरामणी.
कुस्त्या आटोपल्या की रात्री आम्ही.
बिदागी नारळ, एकावन्न रुपये,
कधी फडक्यात बांधलेली कडक भाकरी.
एकदा तुरेवाल्यानं पहाटे कोडं घातलं:
बापाच्या आधी जन्मला तो लेक कोण?
चनबसप्पा उत्तर विसरला.
सगळ्यांसमोर शेंगा सोलत बसला,
शेवटी म्हणाला, "सांगतो, पण पोरं झोपू द्यात."
जत्रा हसली. जिंकलो.

नवी पेठेत कॅसेट आली.
वेष्टनावर तो, पाठीमागं हिरवा डोंगर,
आमच्या अख्ख्या तालुक्यात नसलेला.
खाली बारीक अक्षरात: आणि साथीदार.
बायकोनं विडी वळता वळता विचारलं,
"यातला तू कुठला?"

परवा झेडपीत गेलो,
म्हाताऱ्या कलावंतांच्या मानधनासाठी.
पुरावा म्हणून तीच कॅसेट.
कारकून पोरगं, उलटसुलट करून बघितली,
भोकात बोट घालून बघितलं.
"त्यापेक्षा गाऊनच दाखवा दोन ओळी."

चनबसप्पा उठला. कानावर हात.
अर्ध्या ओळीत दम तुटला.
मी सवयीनं 'जी'साठी तोंड उघडलेलं,
आणि ओळ तर संपलीच नव्हती.
काय करणार? ओढली मीच पुढं,
जन्मात पहिल्यांदा,
शब्द सगळे पाठ होते, काय की कसे.
तर मागून, खोकल्यातून, हळूच:
जी... जी.

कारकुनानं पेन उचललं.
"यातले अर्जदार कोण?"

चनबसप्पा म्हणाला,
"थांबा की साहेब,
कडवं संपू दे."